४५ डिग्रीत अंगणातली फुलं जगवायची कशी: अकोल्याच्या उन्हातला अनुभव

पहिल्या उन्हाळ्यात मी २२ रोपं मारली. एप्रिलचा पहिला आठवडा होता, नर्सरीत हिरव्या जाळीखाली सगळं इतकं टवटवीत दिसत होतं की हात आवरला नाही, पेटुनिया, डायन्थस, चार गुलाब, दोन इक्झोरा, अजून काय काय, सगळं ऑटोत घालून आणलं, संध्याकाळी कुंड्यांत लावलं, दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी, आणि दहाव्या दिवशी माझ्याकडे फक्त कुंड्या उरल्या. शेजारच्या काकू कंपाउंडवरून रोज बघत होत्या, शेवटी न राहवून म्हणाल्या, "काहून वं, झाडाले बुडवून मारतं का?" मला रागच आला होता खरं तर, कारण बाहेर ४४ डिग्री आणि ह्या म्हणतात पाणी जास्त झालं. पण काकूंच्याच अंगणात त्या वेळी सदाफुली फुललेली, दारात मोगऱ्याचा वास, कोपऱ्यात चाफा, आणि बाई दिवसाला दोन बादल्यांच्या वर पाणी घालत नव्हत्या.

त्यानंतर सात उन्हाळे झाले. आता मे महिन्यात माझ्याकडे आठ-नऊ प्रकारची फुलं असतात. खाली जे लिहिलंय ते अकोल्याचं आहे, म्हणजे मे मधे पारा ४४-४५, हवा कोरडी ठणठणीत, जमीन कपाशीची काळी आणि बोअरचं पाणी खारट. जळगाव, नांदेड, सोलापूर, चंद्रपूरवाल्यांना बहुतेक सगळं जसंच्या तसं चालेल. कोकणवाल्यांनी मात्र हे वाचून लगेच कामाला लागू नका, तुमच्याकडची हवा दमट, तिथली गणितं वेगळी.

सगळ्यात आधी कॅलेंडर

उन्हाळ्याची बाग जानेवारीत लावायची असते. हे कळायला मला दोन वर्षं गेली. झाडाला उन्हात टिकायला पानं नाही, मुळं लागतात, आणि मुळं खाली जायला सहा ते आठ आठवडे पाहिजेत. म्हणून बी टाकायचं असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, तयार रोपं लावायची तर उशिरात उशिरा होळीपर्यंत. त्यानंतर नर्सरीत जायचंच नाही, फार मोह झाला तर बघायला जा, पाकीट घरी ठेवून.

आणि नर्सरीतून रोप आणलं की लगेच उन्हात ठेवू नका. ते बिचारं जाळीच्या सावलीत वाढलेलं असतं, त्याची पानं कोवळी, एका दुपारीत करपतात. पहिले तीन-चार दिवस पूर्ण सावली, मग आठवडाभर फक्त सकाळचं नऊपर्यंतचं ऊन, मग अकरापर्यंत, असं करत करत दहा-पंधरा दिवसांनी त्याच्या खऱ्या जागी. कंटाळवाणं काम आहे पण ह्याच्यावर अर्धा खेळ आहे.

पेटुनिया, पॅन्सी, डेलिया, फ्लॉक्स ही थंडीची फुलं. मार्च उजाडला की त्यांचं आयुष्य संपलं, त्यांना जगवायला पाणी घालवू नका, बी धरा आणि उपटून कंपोस्टात टाका. शेवंतीचं मात्र मातृरोप सावलीत जपून ठेवायचं, फुलांची अपेक्षा न करता.

कोणती फुलं लावायची

सदाफुली पहिली. मूळची मादागास्करची, पण आपल्याकडे उकिरड्यावर सुद्धा उगवते त्यामुळे तिला कोणी भाव देत नाही. (हिच्यापासूनच कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं निघतात, म्हणून घरगुती काढे-बिढे करायच्या भानगडीत पडू नका, झाड विषारी आहे.) गुलाबी आणि पांढरी, पाच पाकळ्यांची साधी देशी घ्या. नर्सरीतली ठेंगणी, मोठ्या फुलांची संकरित जात दिसायला भारी असते पण जरा पाणी जास्त झालं की बुडातून सडते, माझ्या २२ मधल्या तीन ह्याच होत्या. बी घरचं धरता येतं, शेंग हिरवीची पिवळट झाली की तोडायची, वाळायची वाट बघितली तर फुटून बी कुठल्या कुठे जातं. पेरल्यावर वर पाव इंच माती पाहिजेच, ह्या बियाला उगवायला अंधार लागतो. दुपारी सदाफुलीची पानं आत वळलेली दिसतात, ती मरत नसते, पाणी वाचवत असते.

दुसरी चिनी गुलाब, कोणी ऑफिस टाइम म्हणतं कारण सकाळी नऊ-दहाला उघडते आणि दुपारनंतर दुकान बंद. पानं जाड, त्यात पाणी साठवलेलं. बोटभर फांदी तोडून मातीत खोचली की झालं, आठवड्यात लागते. हिला फक्त एक गोष्ट चालत नाही ती म्हणजे सावली. लोक प्रेमाने ग्रीन नेटखाली ठेवतात आणि मग विचारतात फुलं का नाहीत. सहा तास कडक ऊन द्या, उथळ पसरट कुंडी द्या, अगदी जुनं घमेलं खाली भोकं पाडून चालतं, आणि दिवसाआड पाणी.

बोगनवेलीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यांची तक्रार एकच असते की वेल एवढी वाढली पण रंग नाही. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं आहेत, खरं फूल म्हणजे मधली ती पांढरी बारकी नळी. आणि ही रंगीत पानं यायला वेलीला थोडी तहान लागावी लागते. माझी वेल अर्ध्या ड्रममध्ये होती, रोज पाणी, शेणखत, सगळे लाड, दोन वर्षं नुसता हिरवा डोंगर. मग फेब्रुवारीत हलकी छाटणी केली आणि पाणी बंद केलं, पानं माना टाकेपर्यंत थांबले, मग भरपूर पाणी, परत माना टाकेपर्यंत बंद. असं तीन वेळा केल्यावर मार्चअखेर पान दिसेना इतका रंग आला. मूळ ब्राझीलची ही वेल, बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या १७६६ ते १७६९ च्या जगप्रवासात त्याच्यासोबतच्या वनस्पतीतज्ज्ञाला सापडली आणि नाव मात्र कप्तानाचं लागलं. असो.

मोगरा. ह्याच्याशिवाय उन्हाळा कसला. पण मोगरा हे दुष्काळी झाड नाही हे लक्षात घ्या, त्याला ऊन हवं आणि पाणी पण हवं, म्हणून मी जे पाणी वाचवते ते मोगऱ्यासाठीच वाचवते. पद्धत अशी की जानेवारीच्या शेवटी दहा-बारा दिवस पाणी तोडायचं, पानं पिवळी पडायला लागतात, पडू द्या. मग धारदार कात्रीने साधारण तिसरा हिस्सा छाटायचा, आतल्या वाळक्या काड्या सगळ्या काढायच्या, उरलेली जुनी पानं हाताने ओरबाडायची, वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करायची, दोन ओंजळी जुनं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळायची आणि मग खालून पाणी निघेपर्यंत द्यायचं. मार्चच्या मध्याला कळ्या. पहिला बहर संपला की ज्या काडीला फुलं आली तिचा शेंडा दोन पानांच्या जोड्या सोडून खुडायचा, नवीन फूट येते आणि तिलाच पुढच्या कळ्या लागतात. हे खुडणं बरेच जण करत नाहीत आणि मग एका बहरात मोगरा संपला म्हणतात. गजऱ्याला कळ्या संध्याकाळी पाच-साडेपाचला खुडा, पांढऱ्या टपोऱ्या पण मिटलेल्या, रात्री आपोआप उमलतात.

चाफा, म्हणजे पांढरा खुरचाफा किंवा लाल, उन्हाळ्यात पानं टाकून नुसता फुलतो. हात-दीड हाताची फांदी मार्चमध्ये तोडायची, चीक वाहतो तो वाहू द्यायचा, आणि आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवून द्यायची. हो, तशीच, बिनपाण्याची. कापलेला भाग वाळून बंद झाला की मगच वाळूमिश्रित मातीत लावायची आणि पानाचा कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी नावापुरतं. ताजी फांदी लावून रोज पाणी घातलं की ती केळ्यासारखी मऊ होते, मी दोन घालवल्यात.

गलांडा आणि झिनिया ही बियांची फुलं. गलांड्याला एक फुटावर एक रोप, वाळलेली फुलं दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहिलं तर जूनपर्यंत हटत नाही, आणि घरच्या तोरणाला फुलं विकत आणायची गरज पडत नाही. झिनियाच्या पानांवर पाणी मारू नका, बुडाशीच घाला, नाहीतर पांढरी भुरी येते.

कण्हेर उन्हाला, वाऱ्याला, खारट पाण्याला, कशालाच दाद देत नाही. पश्चिमेच्या बाजूला तीन-चार लावल्या तर दुपारच्या गरम झळा अडतात आणि मागच्या नाजूक झाडांना आडोसा होतो. शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. पण कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, पिवळ्या कण्हेरीच्या बिया तर फारच, त्यामुळे घरात रांगतं मूल असेल किंवा दाराशी गाय बांधत असाल तर लावूच नका, छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे टाकू नका, जाळू पण नका, धूर सुद्धा बाधतो. तिथे टेकोमा लावा, पिवळे घोस येतात आणि तेवढीच चिवट.

बाकी थोडक्यात. अडेनियम कुंडीत उत्तम, बुंधा दाबून बघा, कडक असेल तर पाणी पुढे ढकला, मऊ लागला तर एकतर तहानलेला आहे नाहीतर सडलाय, माती ओली असेल तर सडलाय. मधुमालती गेटवर चढवा, संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, एकाच घोसात तिन्ही रंग. फुटबॉल लिलीचे कंद एकदा जमिनीत गाडले की वर्षभर विसरून जा, मे मधे एकदम लाल चेंडू वर येतो. गुलबक्षी ज्यांना आवडते त्यांनी सकाळचंच ऊन येईल अशा जागी लावावी, ती संध्याकाळी उमलते, पण मे मध्ये जरा दमते, पाऊस पडला की कंदातून परत उठते. देशी लाल जास्वंद टिकते, मोठ्या फुलांची संकरित कळ्या गाळते. आणि इक्झोरा आपल्या चुनखडीच्या जमिनीत पिवळा पडतो, त्याला आंबट माती लागते, कितीही खत घाला, मी तो नाद सोडला.

माती

काळी माती पाणी धरते हे खरं पण सुकली की आक्रसते, भेगा पडतात आणि त्या भेगांमध्ये बारीक मुळं अक्षरशः तुटतात. म्हणून वाफ्यात दीड फूट खोल खणून निम्मी काळी माती, पाव भाग जाडी वाळू किंवा बारीक मुरूम आणि पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिसळून परत भरा. कच्चं शेणखत चालणार नाही, गरम पडतं आणि हुमणी, वाळवी सगळं घेऊन येतं. कुंडीसाठी माती, वाळू, खत सारख्या भागात. चाफा, अडेनियम, चिनी गुलाबाला वाळू दुप्पट.

मग आच्छादन. मार्च लागला की उघडी माती दिसता कामा नये. उसाचं पाचट, वाळलेला पाला, नारळाच्या शेंड्या, गव्हाचा भुसा, जे मिळेल ते दोन-तीन इंच थर. फक्त खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. आमच्याकडे वाळवी फार, म्हणून खाली आधी निंबोळी पेंड भुरभुरवते. हात घालून बघा एकदा दुपारी दोनला, वरचं पाचट चटका देतं आणि खालची माती गार असते.

पाणी, म्हणजे खरी परीक्षा

दुपारी झाड माना टाकतं तेव्हा पाण्याचा पाइप उचलू नका. त्या उन्हात मुळं जेवढं ओढतात त्याच्यापेक्षा पानं जास्त उडवतात, म्हणून माती ओली असूनसुद्धा झाड मलूल दिसतं. खरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. सकाळीही मान खाली असेल तर त्याला पाणी पाहिजे. सकाळी ताठ उभं असेल तर काही झालेलं नाही. माझी २२ रोपं ह्या एका चुकीने गेली, बघितली मलूल, घातलं पाणी, बघितली मलूल, घातलं पाणी, मुळं सडली, सडल्यामुळे अजून मलूल, अजून पाणी.

शंका आली तर बोट दोन पेरं मातीत घाला. गार आणि ओलं लागलं तर आज सुट्टी.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. रोज शिंपडा मारल्याने वरचा इंचभर भिजतो, मुळं वर येतात आणि तिथेच भाजतात. बारा इंची कुंडीला दीड-दोन लिटर, खालून थेंब पडेपर्यंत. मे महिन्यात माझं वेळापत्रक असं: मोगरा आणि झिनिया रोज, गलांडा आणि सदाफुली दिवसाआड, चिनी गुलाब पण दिवसाआड, बोगनवेल चार दिवसांनी, जमिनीतला चाफा आणि कण्हेर आठवड्यातून एकदा. ३० कुंड्या आणि दोन वाफे, सरासरी दिवसाला तीन बादल्या. वेळ सकाळी सातच्या आत. सकाळी जमत नसेल तर सूर्य मावळून फरशी हाताला गार लागल्यावर. पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं पाणी बादलीत सोडा, त्याने हात भाजतो तर मुळाचं काय होईल. गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी अजिबात नको, तेही तापलेलंच असतं.

आता खारट पाण्याचं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय, त्या गावांमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कुंडीच्या काठावर पांढरी खपली आली किंवा पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या की समजायचं मीठ साठलंय. खपली खरवडून टाका आणि पंधरा दिवसांतून एकदा नळाचं गोडं पाणी कुंडीतून दोनदा आरपार निघू द्या, मीठ धुऊन जातं. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरा, ते क्षारमुक्त असतं, त्या धुण्याला बेस्ट. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना नको, त्यात फिल्टरने काढलेले सगळे क्षार असतात.

आणि कूलरचं पाणी! विदर्भात घरोघरी कूलर, आणि आठवड्याला टाकी रिकामी करताना ते पाणी मायेने झाडांना घातलं जातं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, आठवडाभर असं झाल्यावर उरलेलं पाणी मूळ बोअरपेक्षाही खारट. माझा एक जुना बटमोगरा असाच गेला. ते पाणी आता फक्त कण्हेरीला आणि बोगनवेलीला.

माठ गाडायचा

पाणीटंचाईत ह्याच्यासारखा उपाय नाही. चार-पाच लिटरचं मातीचं मडकं वाफ्यात गळ्यापर्यंत गाडायचं, पाणी भरायचं, वर झाकण. मातीच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपतं आणि आजूबाजूची साधारण फूटभर जमीन ओली राहते, दोन-तीन दिवसांनी परत भरायचं. झाकण विसरू नका, डास होतात. रंगवलेलं किंवा चकचकीत मडकं नको, ते झिरपत नाही.

एक गंमत सांगते, मी पहिल्यांदा घरातला जुना पिण्याचा माठ गाडला, म्हटलं पाणी गार करत नाही तर इथे तरी कामाला येईल. चार दिवस झाले तरी पाण्याची पातळी तिथेच. मग डोक्यात उजेड पडला की माठ गार करायचा थांबतो तो त्याची छिद्रं क्षारांनी बुजल्यामुळेच, आणि गारवा ज्या झिरपण्यामुळे येतो तेच झिरपणं मला जमिनीत हवं होतं. बाहेरून-आतून व्हिनेगर लावून तारेच्या घासणीने खसखसून घासला, भरपूर धुतला, तेव्हा कुठे थोडा चालू झाला. त्यापेक्षा नवीन मडकं आणा.

सावली आणि कुंड्या

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या दुपारी इतक्या तापतात की कडेची मुळं शिजतात. मातीच्या कुंड्या घ्या, नसतील तर बाहेरून चुना मारा किंवा गोणपाट गुंडाळून ओलं करत राहा. कुंडी थेट फरशीवर नको, खाली दोन विटा. पश्चिमेच्या भिंतीपासून तरी दोन फूट लांब, ती भिंत रात्री नऊपर्यंत आग ओकते. सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या की एकमेकींना सावली होते, फक्त काठावर चिवट झाडं आणि मधे नाजूक. ग्रीन नेट ५० टक्केवाली पुरे, ७५ची घेतलीत तर फुलं विसरा. तीसुद्धा फक्त गलांडा-झिनियाच्या वर, एप्रिलच्या मध्यापासून, आणि पश्चिमेकडून. मोगरा, चिनी गुलाब, बोगनवेल, चाफा उघड्यावरच.

खत, छाटणी, किडी

मे मध्ये रासायनिक खत बंद, कोरड्या तापलेल्या कुंडीत युरियाचे चार दाणे पडले तरी मुळं जळतात. पातळ केलेली शेणाची स्लरी महिन्यातून एकदा, आधी पाणी देऊन मग. मोठी छाटणीही नको, उघडी पडलेली खोडं उन्हाने तडकतात.

किडींमध्ये दोनच त्रास देतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, कापसासारखा, तो जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढायचा आणि मुंग्यांची वाट बंद करायची, त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. दुसरा लाल कोळी, पानामागे बारीक जाळी आणि पान फिकट ठिपक्यांचं, हा कोरड्या हवेतच वाढतो, म्हणून सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा, तीन-चार दिवस. झिनियालाही कोळी लागला तर फवारा सकाळी लवकरच, म्हणजे पान लगेच सुकतं. नीम तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, पण ऊन पूर्ण गेल्यावरच. सकाळी नऊला फवारून पानं तळून काढलेली माणसं मी पाहिलीत, त्यात एक मीच.

लग्नाला आठ दिवस गावी जायचंय

मे म्हणजे लग्नं, जावं लागतंच. जायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या कुंड्या आरपार भिजवा, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत एकत्र लावा, वरून आच्छादन जाड करा, मोगऱ्याच्या आणि झिनियाच्या सगळ्या कळ्या-फुलं तोडून टाका. जीव तुटतो पण पाणी कमी लागतं. मोठ्या कुंड्यांत बाटलीच्या झाकणातून सुती वात ओवून बाटली उलटी खोचा, सुटण्याआधी दोन दिवस घरी असताना करून बघा, एखादी वात एका रात्रीत बाटली रिकामी करते, एखादी थेंब सोडत नाही. शेजाऱ्यांना सांगत असाल तर "रोज पाणी घाला" एवढंच सांगू नका, कोणत्या कुंडीला किती मग ते खडूने कुंडीवर लिहून जा. मागच्या वर्षी मी लिहिलं नव्हतं, परत आले तर अडेनियम पाण्यात उभं.

वळीव पडला की

मे अखेर एखादा वळीव येतो, सगळं गार वाटतं आणि आपण सुस्तावतो. सदाफुली आणि अडेनियम उन्हात मरत नाहीत, ती ह्या पहिल्या पावसात मरतात. ढग दिसले की कुंड्यांखालच्या बशा काढा, बुडाची भोकं काडीने मोकळी करा, सदाफुलीच्या बुडाचं आच्छादन बाजूला सारा आणि अडेनियम छपराखाली घ्या. गाडलेला माठ पण रिकामा करून उलटा ठेवा. आणि सदाफुलीखाली जी बारकी बारकी रोपं उगवलेली असतात ती तण समजून खुरपू नका, चार पानांची झाली की उचलून कागदी कपात लावा, मी ती काकूंच्या कंपाउंडवर नेऊन ठेवते.